‘त्या मानाने’ भारी! पॅरा खेळ बघताना आपण नेमकं काय बघतो?

आमच्या भागातल्या एका मंडळाने गेल्या गणपतीत एका पॅरा खेळाडूचा सत्कार ठेवला होता. बाई गोळाफेक करतात, बसून फेकायच्या गटात. स्टेजला पाच पायऱ्या होत्या, रॅम्प नव्हता. चार कार्यकर्त्यांनी ‘मोरया’ म्हणत व्हीलचेअर उचलली, समोर पंधरा-वीस मोबाइल वर झाले. बाईंनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले होते. निवेदकाचा गळा दाटून आला. ‘यांच्याकडे पाहिलं की आपली दुःखं किती लहान आहेत ते कळतं,’ वगैरे. मग मांडीवर नारळ, नारळावर शाल, शालीवर स्मृतिचिन्ह. एवढा ढीग झाला की चाकं फिरवायला हातच मोकळे राहिले नाहीत.

वीस मिनिटांच्या त्या कार्यक्रमात गोळा किती लांब गेला होता, हे कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. शेजारी उभे असलेले काका म्हणाले, ‘त्या मानाने भारीच हां!’

काकांच्या मनात काही वाईट नव्हतं, त्यांनी टाळ्याही सगळ्यांपेक्षा जोरात वाजवल्या. पण ‘त्या मानाने’ म्हणजे कुठल्या मानाने? बुमराहचा यॉर्कर मधली यष्टी उडवतो तेव्हा ‘त्या मानाने बरा टाकला’ असं आपण म्हणत नाही. ब्रिटनमधल्या चॅनल फोर या वाहिनीने 2024 च्या पॅरिस पॅरालिंपिकची जाहिरात बरोबर याच शब्दावर बेतली होती. ‘त्या मानाने छान’ म्हणणाऱ्या प्रेक्षकाला ती विचारत होती, ‘कशाच्या मानाने?’ गंमत अशी की हीच वाहिनी 2012 मध्ये या खेळाडूंना ‘सुपरह्यूमन’ म्हणजे अतिमानव म्हणून विकत होती. कीव आणि देवत्व यांच्यामध्ये एक साधी जागा असते, खेळाडूची. तिथे पोचायला त्यांना बारा वर्षं लागली. आपण अजून वाटेत आहोत.

माझं म्हणणं असं की यात मनाचा कोतेपणा फारसा नाही, माहितीचा अभाव जास्त आहे. नियम कळत नसलेल्या खेळात माणूस बघणार काय? तो खेळाडूचं शरीर बघतो, त्याची कहाणी ऐकतो आणि डोळे पुसतो. म्हणून आधी नियम.

एफ 46, टी 12, एसएल 3: ही भानगड काय?

कुस्ती माहीत असलेल्या माणसाला हे दोन मिनिटांत समजतं. 57 किलोचा पैलवान 125 किलोच्या पैलवानासमोर आपण उभा करत नाही. केला तर ती कुस्ती होणार नाही, नुसतं वजन जिंकेल. पॅरा खेळांतही तेच. स्पर्धेचा निकाल अपंगत्व किती आहे यावर ठरू नये, ताकद, तंत्र आणि डोकं यांवर ठरावा, म्हणून गट पाडतात. याला वर्गीकरण म्हणतात आणि पॅरा खेळांचा सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे.

ॲथलेटिक्समध्ये ‘टी’ म्हणजे ट्रॅक (उड्याही त्यातच धरतात) आणि ‘एफ’ म्हणजे फील्ड, अर्थात फेकीचे प्रकार. पुढच्या आकड्यातला पहिला अंक अपंगत्वाचा प्रकार सांगतो. दहाच्या घरात दृष्टी, 20 म्हणजे बौद्धिक अक्षमता, तिशीत सेरेब्रल पाल्सीसारखे मेंदू आणि स्नायूंच्या ताळमेळाचे प्रश्न, 40 आणि 41 कमी उंचीचे खेळाडू, 45 ते 47 हाताचं अपंगत्व, पन्नाशीत व्हीलचेअरवर शर्यत किंवा बसून फेक, साठीत कृत्रिम पाय लावून खेळणारे. दुसरा अंक तीव्रतेचा. साधारणपणे अंक जितका लहान तितका परिणाम जास्त. एवढं पाठ झालं की टीव्हीवरची पट्टी वाचता येते.

सचिन खिलारींचा गट एफ 46. सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यातलं करगणी हे त्यांचं गाव. लहानपणीच्या अपघातात त्यांच्या डाव्या हाताला कायमची इजा झाली. पॅरिसमध्ये त्यांनी गोळाफेकीत रौप्य घेतलं, तेव्हा आपल्याकडच्या बहुतेक बातम्या त्या हातावरच अडकून पडल्या. स्पर्धा काय झाली ते बघा. सुवर्ण कॅनडाच्या ग्रेग स्टुअर्टला, 16.38 मीटर. खिलारी 16.32. कांस्य क्रोएशियाच्या लुका बाकोविचला, 16.27. पहिल्या आणि तिसऱ्यात अकरा सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम वीतभरसुद्धा अंतर नाही! त्यात हा स्टुअर्ट सात फुटांहून उंच. एवढ्या उंचीवरून सुटणारा गोळा आणि खिलारींचा गोळा जवळपास एकाच जागी पडतो, म्हणजे या माणसाचा वेग आणि तंत्र काय असेल? ही चर्चा कुठेच वाचायला मिळाली नाही. ‘त्या मानाने’ची काही गरजच नव्हती, सामना स्वतःच भरपूर होता.

बॅडमिंटनमधला एसएल 3 गट घ्या. यात एका किंवा दोन्ही पायांवर मोठा परिणाम झालेले, उभे राहून खेळणारे खेळाडू असतात आणि एकेरीत ते अर्ध्या कोर्टावर खेळतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, अर्धं कोर्ट म्हणजे अर्धे कष्ट. उलट आहे. कोर्ट रुंदीत अर्धं असतं, लांबीत पूर्ण. बाजूला मारून गुण काढायची सोय कमी, म्हणून सगळा खेळ पुढे-मागे चालतो. नेटजवळ एक अलगद ड्रॉप, लगेच डोक्यावरून मागच्या रेषेवर एक उंच फटका, आणि समोरच्याने कृत्रिम पायावर तोल सावरत मागे मागे जायचं. रॅली लांबतात, दम निघतो. एकदा हे कळलं की डोळा पायावरून उठतो आणि शटलवर जातो.

बोचिया तर आपल्याकडे फार कमी जणांनी पाहिला असेल. तीव्र अपंगत्व असलेल्यांचा हा नेम साधायचा खेळ. पांढऱ्या चेंडूच्या जास्तीत जास्त जवळ आपला चेंडू न्यायचा. आपण लहानपणी गोट्या खेळायचो त्याचाच मोठा भाऊ म्हणा. हाताने चेंडू टाकता येत नाही त्यांना उतरती पन्हळ वापरता येते आणि ती हलवायला एक मदतनीस असतो. पण त्या मदतनिसाने खेळाकडे पाठ करून बसायचं. वळून बघायचं नाही. पन्हळ किती अंश वळवायची, चेंडू किती उंचीवरून सोडायचा, सगळं डोकं खेळाडूचं. मला हा नियम फार आवडतो. मदत आणि निर्णय यांतली रेघ इतकी स्वच्छ आखलेली आपल्या घरांतसुद्धा दिसत नाही.

‘हा तर चालतोय की!’

गट आले म्हणजे ‘कोण कुठल्या गटात’ हा प्रश्न आला आणि त्याच्यामागोमाग संशय. मुंबईच्या लोकलमध्ये अपंगांच्या डब्यात धडधाकट दिसणारा तरुण चढला की चार नजरा वळतात. कार्ड दाखवा. अपंगत्व म्हणजे व्हीलचेअर, कुबड्या किंवा काळा चष्मा, एवढंच चित्र आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. टी 12 किंवा टी 13 गटातला धावपटू अंशतः बघू शकतो, मोबाइलही डोळ्याजवळ धरून वाचतो. तेवढ्यावर लोक म्हणतात, ‘आंधळा कसला, सगळं दिसतंय याला.’

वास्तविक तपासणी बरीच कडक असते. आधी वैद्यकीय कागद. मग वर्गीकरण करणाऱ्यांचं पथक सांधे, स्नायूंची ताकद, ताळमेळ तपासतं. मग त्या खेळातल्या हालचाली करून दाखवायच्या. त्यानंतर प्रत्यक्ष स्पर्धेत नजर ठेवतात. आंतरराष्ट्रीय पॅरालिंपिक समितीच्या नियमांत अपंगत्वाचे दहाच प्रकार बसतात. त्यात न बसणारा माणूस दैनंदिन आयुष्यात कितीही अडलेला असला तरी स्पर्धेला पात्र नाही. आपल्याकडच्या 2016 च्या कायद्यात 21 प्रकार आहेत. सरकारी प्रमाणपत्र हातात असूनही पॅरा स्पर्धेत नाकारले गेलेले खेळाडू यामुळेच भेटतात आणि त्यात खोटेपणा काहीच नसतो.

टोकियोत विनोद कुमार यांच्या बाबतीत हे जगासमोर झालं. एफ 52 गटात थाळीफेक, 19.91 मीटर, कांस्य. घरी पेढे वाटून झाले असतील. प्रतिस्पर्ध्यांनी हरकत घेतली, पथकाने पुन्हा तपासलं, गटात बसत नाहीत असं ठरलं आणि पदक गेलं. आणि लबाडी झालेलीच नाही असंही नाही. सिडनीत 2000 साली बौद्धिक अक्षमतेच्या गटात स्पेनच्या बास्केटबॉल संघाने सुवर्ण जिंकलं. नंतर उघड झालं की बारापैकी दहा जणांना तशी अक्षमताच नव्हती. शिक्षा कुणाला झाली? जगभरच्या खऱ्या खेळाडूंना. त्यांचा गट पॅरालिंपिकमधून काढला गेला तो थेट 2012 मध्ये लंडनला परत आला.

नियम किती कडक असतात याचं पॅरिसमधलं एक उदाहरण माझ्या डोक्यातून जात नाही. स्पेनची एलेना काँगोस्त टी 12 मॅरेथॉनमध्ये तिसरी येत होती. अंध धावपटू आणि त्याचा वाटाड्या एका छोट्या दोरीने बांधलेले असतात आणि ती दोरी शेवटपर्यंत सोडायची नसते. रेषा काही पावलांवर आली असताना तिच्या वाटाड्याच्या पायात गोळा आला, तो कोसळायला लागला. तिने दोरी सोडून त्याला हात दिला. क्षणभर. पदक गेलं. लोक हळहळले, चिडले, ‘माणुसकीची शिक्षा’ म्हणाले. मलाही वाईट वाटलं. तरी मनाचा एक कोपरा म्हणत होता, चला, इथे कुणाची दया-माया नाही, इथे खरोखर खेळ चाललाय.

पहिलं सुवर्ण कुणाचं?

स्पर्धा परीक्षेतला लाडका प्रश्न: भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण? अभिनव बिंद्रा, 2008, बरोबर. त्याच्या 36 वर्षं आधी, 1972 मध्ये, जर्मनीतल्या हायडलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये मुरलीकांत पेटकरांनी 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत पोहून जागतिक विक्रमासह सुवर्ण जिंकलं होतं. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे, लहानपणी कुस्तीतले, मग सैन्यातले. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक मणक्यात राहिली. पोहणं सुरू झालं ते मुंबईत नौदलाच्या रुग्णालयात, उपचार म्हणून. परदेशी जायच्या खर्चाची सोय करण्यात क्रिकेटपटू विजय मर्चंट यांचा हात होता.

इथे दोन मिनिटं थांबायला हवं, कारण ‘उपचार म्हणून’ या दोन शब्दांत बरंच काही आहे. पॅरालिंपिकची सुरुवातच रुग्णालयात झाली. इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल इथे डॉ. लुडविग गुटमन युद्धात मणक्याला इजा झालेल्या सैनिकांवर उपचार करायचे. 29 जुलै 1948, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, त्यांनी 16 जणांची तिरंदाजी स्पर्धा घेतली. त्यातून 1960 मध्ये रोमला पहिली पॅरालिंपिक. यात ‘पॅरा’चा मूळ संबंध पॅराप्लेजिया म्हणजे कमरेखालच्या लुळेपणाशी होता. आज त्याचा अधिकृत अर्थ ‘समांतर’ असा आहे, ऑलिंपिकच्या बरोबरीने चालणारं. अर्थ बदलला तरी रुग्णालयाचा वास काही लवकर गेला नाही. 1972 ची ऑलिंपिक म्युनिकला झाली, पॅरालिंपिक मात्र हायडलबर्गला, कारण म्युनिकचं क्रीडाग्राम तोवर घरांसाठी रिकामं करून हवं होतं. 1980 मध्ये मॉस्कोने पॅरालिंपिक घ्यायलाच नकार दिला, ती नेदरलँड्समधल्या आर्नेमला गेली. ऑलिंपिकच्याच मैदानांवर पॅरालिंपिक हे चित्र पक्कं झालं ते 1988 च्या सोलपासून.

पेटकरांना पद्मश्री मिळाली 2018 मध्ये आणि कारकिर्दीसाठीचा अर्जुन पुरस्कार जानेवारी 2025 मध्ये, वयाच्या ऐंशीत. मधल्या काळात त्यांच्यावर हिंदी सिनेमा आला तेव्हा कुठे घराघरांत नाव गेलं. प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की विसरण्याच्या बाबतीत आपण भेदभाव करत नाही. खाशाबा जाधवांना अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मृत्यूनंतर. पण खाशाबा निदान क्रमिक पुस्तकात तरी होते.

आता जवळचं उदाहरण. ऑगस्ट 2019, स्वित्झर्लंडमधलं बासेल. 25 तारखेला पी. व्ही. सिंधू बॅडमिंटनची विश्वविजेती झाली, देश नाचला. त्याच शहरात, त्याच आठवड्यात पॅरा बॅडमिंटनची जागतिक स्पर्धाही चालली होती आणि एक दिवस आधी मुंबईची मानसी जोशी एसएल 3 गटात विश्वविजेती झाली होती. अंतिम फेरीत तिने हरवलं ते पारुल परमारला, या गटातल्या जुन्या दादा खेळाडूला. सिंधू आणि मानसी दोघी हैदराबादला एकाच अकादमीत घडलेल्या. भारताच्या पॅरा संघाने त्या आठवड्यात 12 पदकं आणली. बातम्या? दोन-तीन दिवस जवळपास शांतता. मग समाजमाध्यमांवर लोकांनी ‘अरे, हिचं काय?’ विचारायला सुरुवात केली, तेव्हा अभिनंदनांचा पूर आला. त्यातही पहिली ओळ 2011 च्या अपघाताची, ट्रकची, कापलेल्या पायाची. दोन वर्षांनी टोकियोत बॅडमिंटन पहिल्यांदाच पॅरालिंपिकमध्ये आलं आणि नेमका महिलांच्या एसएल 3 एकेरीचा प्रकारच त्यात नव्हता. विश्वविजेती खेळाडू आणि खेळायला स्पर्धाच नाही. ट्रकपेक्षा हे जास्त सांगण्यासारखं होतं, नाही का?

2025 च्या नोव्हेंबरात तसंच पुन्हा घडलं. 2 तारखेला नवी मुंबईत हरमनप्रीतच्या संघाने विश्वचषक उचलला. तीन आठवड्यांनी, 23 तारखेला, कोलंबोत अंध महिलांच्या पहिल्याच ट्वेंटी-20 विश्वचषकात भारताने नेपाळला हरवलं. या वेळी बातमी लगेच आली, पहिल्या पानावरही आली, तेवढी सुधारणा मान्य. पण माझ्या ओळखीतल्या क्रिकेटवेड्या चौघांपैकी एकालाही हा खेळ खेळतात कसा ते सांगता आलं नाही. म्हणून सांगतो. चेंडू प्लास्टिकचा, आत छर्रे, खुळखुळ्यासारखा वाजतो. गोलंदाज आधी ‘रेडी?’ विचारतो, फलंदाज ‘येस’ म्हणतो, मग ‘प्ले’ म्हणत चेंडू खालून, सरपटता टाकायचा. खेळपट्टीच्या मध्यरेषेच्या अलीकडे एकदा टप्पा पडलाच पाहिजे. यष्ट्या धातूच्या, लागल्याचा आवाज यावा म्हणून. अकरांत किमान चार खेळाडू पूर्ण अंध हवेत आणि त्यांनी बॅटने काढलेली प्रत्येक धाव दुप्पट धरतात. आता विचार करा, कर्णधाराने शेवटच्या षटकात कुणाला पाठवायचं? अंशतः दिसणारा तडाखेबाज की दुप्पट धावांचा पूर्ण अंध? कट्ट्यावर तासभर भांडायचा विषय आहे हा!

प्रेरणेचा तगादा

‘हे करू शकतात, तर तुम्हाला काय झालंय?’ दहावीच्या पोरांपासून विमा विकणाऱ्यांच्या संमेलनापर्यंत सगळीकडे पॅरा खेळाडूच्या फोटोखाली हे वाक्य येतं. स्टेला यंग ही ऑस्ट्रेलियन पत्रकार आणि विनोदी कलाकार स्वतः व्हीलचेअर वापरायची. तिने 2014 मधल्या एका गाजलेल्या भाषणात या प्रकाराची सालटी काढली. ती पंधरा वर्षांची असताना गावातल्या कुणीतरी तिला ‘विशेष कामगिरी’चा पुरस्कार द्यायचं ठरवलं. तिच्या आई-वडिलांना प्रश्न पडला, हिने केलंय तरी काय? ती शाळेत जात होती, टीव्ही बघत होती, बाकी पोरांसारखीच. तिचा मुद्दा सोपा होता: इतरांना स्वतःच्या आयुष्याबद्दल बरं वाटावं म्हणून अपंग माणसांना वस्तूसारखं वापरू नका.

मला कुणी विचारेल, ‘मग प्रेरणा घ्यायची नाही का?’ घ्या की. सचिन तेंडुलकरच्या बॅटिंगकडून घेतो तशी, सरावाकडून, चिकाटीकडून. अडचण पुढे येते. एकाने पदक आणलं की बाकीच्या लाखांना ‘बघा, इच्छा असेल तर सगळं होतं’ सुनावायला आपण मोकळे. लिफ्ट नसलेली शाळा, व्हीलचेअर न शिरणारं शौचालय, सगळं इच्छाशक्तीच्या खात्यात ढकललं जातं. लंडनमध्ये 2012 ला हा विरोधाभास रस्त्यावरच दिसला. पॅरालिंपिकची 27 लाख तिकिटं खपली, स्टेडियम ओसंडून वाहत होती. त्याच वेळी अपंगांच्या संघटना स्पर्धेच्या एका प्रायोजक कंपनीच्या दारात निदर्शनं करत होत्या, कारण अपंग भत्ता घेणारे ‘काम करायला पात्र’ आहेत का, ही सरकारी तपासणी तीच कंपनी करत होती.

आपल्याकडे तर पदक आणणाऱ्यांनाही हे चुकलेलं नाही. नागपूरची अंध जलतरणपटू कांचनमाला पांडे 2017 मध्ये बर्लिनला स्पर्धेला गेली, पैसे वेळेत पोचले नाहीत, परक्या शहरात उसनवारी करावी लागली, ट्राममध्ये तिकिटावरून दंड झाला. आणि तिने तिथे रौप्य जिंकलं. त्याच वर्षी मेक्सिकोत एस 11 या अंध जलतरणपटूंच्या गटात 200 मीटर वैयक्तिक मिडलेचं जागतिक सुवर्णही. बर्लिनची बातमी देताना कित्येक ठिकाणी शब्द वापरला ‘भीक’. प्रशासनाच्या ढिलाईची बातमी होती ती, आणि लाज मात्र खेळाडूच्या पदरात. त्याच उन्हाळ्यात टेबल टेनिसपटू सुवर्णा राज नागपूर-दिल्ली गाडीत निघाल्या, पोलिओमुळे व्हीलचेअर वापरणाऱ्या बाईला वरचा बर्थ मिळाला आणि रात्र डब्याच्या फरशीवर काढावी लागली. रेल्वेमंत्री तेव्हा सुरेश प्रभू होते, त्यांनी चौकशी लावली.

शब्दांचा वाद थोडक्यात. ‘अपंग’ की ‘दिव्यांग’? 2015 च्या अखेरीस पंतप्रधानांनी ‘दिव्यांग’ सुचवला, सरकारी पाट्या बदलल्या. आपल्या राज्यात 2022 पासून वेगळा दिव्यांग कल्याण विभागही आहे. काही खेळाडूंना तो शब्द आवडतो, काहींना त्यातलं ‘दिव्य’ खुपतं, कारण पुन्हा तेच देवत्व. सोपा मार्ग म्हणजे समोरच्याला विचारणं. आणि मैदानाच्या बातमीत ‘गोळाफेकपटू’, ‘जलतरणपटू’ एवढं लिहिलं तर दोन्हींची गरज पडत नाही.

पदकं वाढली तसा सूर बदलला, हे नाकारून चालणार नाही. रिओत 4, टोकियोत 19, पॅरिसमध्ये 29. पण आपली नजर अजून पदकापाशीच थांबते. मिल्खा सिंग रोमला चौथे आले, पी. टी. उषा लॉस एंजेलिसला चौथी आली, ही हुरहूर आपल्या देशाने पिढ्यान्पिढ्या जपलीय. कोल्हापूरचा नेमबाज स्वरूप उन्हाळकर टोकियोत चौथा आला. सांगली जिल्ह्यातला सुकांत कदम पॅरिसमध्ये बॅडमिंटनच्या कांस्यपदकाची लढत हरून चौथा राहिला. यांची हुरहूर कुणाला लागली? ज्याच्या हरण्याने आपल्याला झोप येत नाही तो आपला खेळाडू, एवढी साधी व्याख्या आहे माझी.

त्या दृष्टीने नवदीप सिंगने फार मोठं काम केलं. एफ 41, म्हणजे कमी उंचीच्या भालाफेकपटूंचा गट. पॅरिसमध्ये 47.32 मीटर फेकल्यावर हा गडी कॅमेऱ्यात बघून असा काही गरजला आणि शिव्या घातल्या की क्लिप देशभर फिरली. पुढे पहिला आलेला इराणी खेळाडू झेंड्याच्या प्रकरणात बाद झाला आणि नवदीपचं रौप्य सुवर्ण झालं. लोकांनी त्याची तुलना विराट कोहलीशी केली, कुणी शिव्यांवर नाकं मुरडली. ‘बिचारा’ मात्र कुणाला म्हणता आलं नाही.

आणि हो, एक व्हॉट्सॲप मेसेज दर काही महिन्यांनी येतो: ‘2016 मध्ये चार अंध धावपटूंनी ऑलिंपिक विजेत्याला मागे टाकलं.’ आकडे खरे आहेत. टी 13 च्या 1500 मीटरमध्ये पहिले चौघे 3 मिनिटं 50 सेकंदांच्या आत आले, अल्जीरियाचा अब्देलतीफ बाका 3:48.29, आणि त्याच रिओतली ऑलिंपिक शर्यत 3:50.00 मध्ये जिंकली गेली होती. मात्र टी 13 म्हणजे पूर्ण अंध नव्हे, अंशतः दृष्टी. आणि ती ऑलिंपिक शर्यत डावपेचांची, मुद्दाम संथ धावलेली होती. जागतिक विक्रम 3:26.00 आहे. बाकाची धाव उत्तमच होती. तिला मोठं ठरवायला अर्धवट तुलना कशाला हवी?

मूकबधिर खेळाडू पॅरालिंपिकमध्ये नसतात, त्यांची डेफलिंपिक्स 1924 पासून वेगळी चालते. आपल्याकडे पैलवान वीरेंदर सिंग यांना पद्मश्री मिळाल्यानंतर दिल्लीत हरियाणा भवनाबाहेर पदपथावर बसावं लागलं, मूकबधिर खेळाडूंना पॅरा खेळाडूंइतकं बक्षीस मिळावं म्हणून. उतरंड कुठेही तयार होते.

परत त्या गणपतीच्या रात्रीकडे. कार्यक्रम संपला, गर्दी प्रसादाकडे वळली. बाईंची रिक्षा यायची होती. मांडववाल्याचा पोरगा वायर गुंडाळत गुंडाळत त्यांच्याजवळ आला आणि म्हणाला, ‘ताई, तुम्ही बसून फेकता, मग फेकताना खुर्ची मागं जात नाही का?’

बाई सरसावून बसल्या. म्हणाल्या, ही खुर्ची नसते रे, लोखंडी फ्रेम असते, आपल्या मापाने बनवून घ्यायची, उंची गादीसकट 75 सेंटिमीटरच्या वर गेली की बाद. ती जमिनीत पट्ट्यांनी ताणून बांधतात. मग मला फ्रेमला बांधतात. फेकताना बूड उचललं की फाउल. बांधायला वेळ जातो म्हणून सगळ्या फेकी लागोपाठ घ्याव्या लागतात, मध्ये दम खायला मिळत नाही.

‘पट्टे किती?’

‘चार बाजूंनी.’

‘आणि ताण कशानं देता? रॅचेटनं? आम्ही पण मांडवाला तेच वापरतो. पण पुढचे दोन आधी ताणायचे, मागचे नंतर. नाहीतर उचलतंय.’

‘बरोबर,’ बाई म्हणाल्या. ‘गेल्या वर्षी उलटं बांधलं होतं. वीस सेंटिमीटर गेले माझे.’

पोराने वायरचं भेंडोळं खाली ठेवलं आणि विचारलं, ‘मग किती गेला होता?’